30 बाय 20 च्या शेडमध्ये काय कुठे?

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आणि थोडा ऊस आहे. 50 एचपीचा एक ट्रॅक्टर, बागेत फिरायला एक छोटा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पलटी नांगर, ब्लोअर अशी अवजारं आहेत. नट-बोल्टपासून वेल्डिंगपर्यंत किरकोळ दुरुस्ती घरीच करतो, पण सध्या ती आंब्याखाली चालते. यंदा 30 फूट लांब, 20 फूट रुंद पत्र्याची शेड खास वर्कशॉपसाठी बांधायची आहे. आत कोणती गोष्ट कुठे ठेवावी? ट्रॅक्टरखाली उतरायला खड्डा करावा का? आणि एक कुतूहल आहे. आमच्या शिवारात अशा चार-पाच शेड झाल्या, पण दोन वर्षांत प्रत्येकीचं गोदाम झालं. असं का होतं?
— एक वाचक, ता. निफाड

उत्तर : तुमच्या कुतूहलापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच दडलेली आहेत. शेडचं गोदाम होतं ते मालक आळशी असतो म्हणून नव्हे. आखणी करताना आपण वस्तूंना जागा नेमून देतो, कामाला मात्र देत नाही. कंप्रेसर या कोपऱ्यात, ड्रिल त्या कोपऱ्यात, टेबल भिंतीशी, असं कागदावर मांडून झालं की मधली जमीन उरते. ती कुणाचीच नसते. मग पावसाचं चिन्ह दिसलं की खताच्या गोण्या ‘दोन दिवसांपुरत्या’ तिथे येतात. पाठोपाठ ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, क्रेट, जुने टायर. एक दिवस रोटाव्हेटरचं बेअरिंग जातं आणि ते काम पुन्हा आंब्याखाली होतं, कारण शेडमध्ये ट्रॅक्टर शिरत नाही.

म्हणून आखणी उलट बाजूने करा. तुमच्याकडे होणारं सर्वांत मोठं काम कोणतं, त्याला किती जमीन लागते, हे आधी ठरवा. ती जमीन शेडच्या नकाशात आधी काढा आणि तिच्यावर कायमचं काहीही ठेवू नका. उरलेली जागा मग बाकीच्यांनी वाटून घ्यायची.

तुमचा 50 एचपीचा ट्रॅक्टर साधारण 12 फूट लांब असेल. मागे रोटाव्हेटर जोडला की लांबी 16 फुटांवर जाते. सहा फुटी रोटाव्हेटर बाहेरून बाहेर मोजला तर जवळपास सात फूट भरतो. चारही बाजूंनी माणसाला वाकून, बसून, हातात टॉमी घेऊन काम करता यावं यासाठी तीन फूट मोकळे हवेत. त्यापेक्षा कमी असेल तर मोठा बोल्ट सोडवताना पाना पुरता फिरत नाही. म्हणजे कामाची जमीन झाली 22 फूट लांब, 13 फूट रुंद. एवढ्यात ट्रॅक्टरची क्लच प्लेटही बदलता येते. त्या कामाला ट्रॅक्टरचे इंजिन आणि गिअरबॉक्स असे दोन भाग वेगळे करून चार-पाच फूट लांब सरकवावे लागतात. ते काम मिस्त्री करतो, पण तुमच्या शेडमध्ये करू शकला तर ट्रॅक्टर ओढून तालुक्याला न्यायची वेळ येणार नाही.

आता 30 बाय 20 मधून 22 बाय 13 वजा करा. एका लांब भिंतीलगत सात फुटांची पट्टी उरते आणि टोकाला आठ फुटांची. भिंतीवरची लोखंडाची मांडणी सोडली तर तुमचं सगळं वर्कशॉप या दोन पट्ट्यांत बसवायचं आहे, आणि ते बसतं.

दार 20 फुटी बाजूला, म्हणजे पत्र्याच्या त्रिकोणी कडेच्या भिंतीत ठेवा. छपराचं पाणी लांब भिंतींकडे उतरतं, त्यामुळे दारासमोर पागोळ्या पडत नाहीत आणि चिखल होत नाही. दिशा पूर्व घ्या. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा. पश्चिमेला मोठं दार ठेवलं तर जून ते सप्टेंबर पाऊस थेट आत येतो. दार 12 फूट रुंद, 10 फूट उंच हवं. हूड बसवलेला ट्रॅक्टर आठ-साडेआठ फुटांपर्यंत जातो. पूर्वेच्या भिंतीत दार मधोमध घेऊ नका. दक्षिणेच्या कोपऱ्यापासून दोन फूट सोडून ते सुरू करा, म्हणजे ते कामाच्या जमिनीसमोर येईल आणि उत्तरेकडे सहा फूट भिंत शिल्लक राहील. त्या सहा फुटांत माणसाला जायला-यायला तीन फुटांचं साधं दार काढा. एक पाना घ्यायला दरवेळी मोठं शटर उचलावं लागलं तर पाना परत जागेवर जात नाही. मोठ्या दाराला गिअरचं रोलिंग शटर बरं. दोन पाखांचं दार वळवाच्या वाऱ्यात आपटतं, आणि सरकतं दार सरकवायला लागणारी भिंत तुमच्याकडे नाही.

वर्कबेंच उत्तरेच्या लांब भिंतीशी लावा, वर सलग खिडक्या. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, डोळ्यांवर येत नाही आणि धातूवर चमक पाडत नाही. निफाड 20 अंश अक्षांशाजवळ आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला झुकतो, पण तेवढ्याला पत्र्याची दीड फुटाची वळचण पुरते. बेंच अडीच फूट खोल ठेवलं तर सात फुटांच्या पट्टीत उभं राहायला आणि मागून दुसऱ्याला जायला साडेचार फूट राहतात.

बेंचची उंची कॅटलॉगमधून घेऊ नका, स्वतःच्या अंगावर मोजा. काम खरं होतं ते व्हाइसमध्ये. कानस किंवा हॅक्सॉ चालवताना हात कोपरातून जमिनीला समांतर फिरला पाहिजे. म्हणजे व्हाइसच्या जबड्याचा वरचा काठ तुमच्या कोपराच्या उंचीला यावा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं कोपर जमिनीपासून 41 इंचांच्या आसपास असतं. व्हाइस सहा-सात इंच उंच धरला तर बेंच 34-35 इंच येतं. दुसरी गोष्ट, व्हाइस बेंचच्या मधोमध बसवू नका. दाराकडच्या टोकाला, बेंचच्या पायाच्या बरोबर वर बसवा, म्हणजे हातोडीचा दणका पायातून जमिनीत जातो. आणि त्याचा मागचा, न हलणारा जबडा बेंचच्या कडेपेक्षा केसभर बाहेर ठेवा. उभा पाइप किंवा लांब पट्टी धरायची झाली की ती बेंचला न अडता सरळ खाली जाते. तो आत बसवला असेल तर दर वेळी पट्टी तिरकी धरावी लागते आणि कापही तिरका जातो. बेंचचा माथा दोन इंची लाकडी फळ्यांचा करा, त्याच्या अर्ध्या भागावर पाच-सहा मिलिमीटरची लोखंडी प्लेट.

लोखंडाचा विचार बहुतेक जण विसरतात. अँगल, पाइप, चॅनल सहा मीटरच्या लांबीत येतात, म्हणजे जवळपास 20 फूट. द्राक्षबागेचा मांडव असल्याने तुमच्याकडे अँगल कायम येणार. 20 फुटांचा नग शेडमध्ये वळवता येत नाही, तो सरळ आत सरकवावा लागतो. म्हणून लोखंडाची मांडणी दक्षिणेच्या लांब भिंतीला, मोठ्या दाराच्या रेषेत करा. भिंतीतून हातभर बाहेर आलेले लोखंडी कंस, जड माल गुडघ्याच्या उंचीला, हलका वर. कापायची मशीन दाराजवळ, पट्टीच्या तोंडाशी ठेवा. नग कापताना त्याचं उरलेलं शेपूट छोट्या दारातून बाहेर जाऊ द्या. मशीन आतल्या कोपऱ्यात ठेवली तर प्रत्येक अँगल आधी बाहेर अर्धा करून आत आणावा लागेल.

जुन्या लोहाराची बैठक आठवून पाहा. भाता, भट्टी, ऐरण, पाण्याची कुंडी, सगळं एका वळणाच्या अंतरात असे. तापलेलं लोखंड दोन पावलं नेईपर्यंत थंड होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तुमचीही कामं अशीच एकामागून एक येतात : कापणं, घासणं, भोक पाडणं, जोडणं. ज्या क्रमाने काम होतं त्याच क्रमाने मशीन दाराकडून आत लावा. कटर दाराशी, मग व्हाइस, मग पानं लटकवलेला बेंचचा भाग, मग ड्रिल मशीन. ड्रिलच्या दोन्ही बाजूंना लांब पट्टी फिरायला चार-चार फूट मोकळे ठेवा.

यात वेल्डिंग कुठे? शेडच्या बाहेर. हाच माझा सगळ्यांत ठाम सल्ला आहे. तोच पत्रा पूर्वेला 10-12 फूट पुढे वाढवून पडवी करा, खाली कोबा करा आणि वेल्डिंग, ग्राइंडिंग तिथे करा. ग्राइंडरची ठिणगी 30-35 फूट जाऊ शकते, म्हणजे तुमच्या शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत डिझेलचा कॅन, ग्रीसने माखलेल्या चिंध्या, चार्जिंगला लावलेली बॅटरी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्याला एक ठिणगी पुरते. बाहेर धूरही साचत नाही. जीआय पाइप किंवा जस्ताचा मुलामा दिलेला अँगल जोडताना जस्ताचा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. मांडवाचं काम करणाऱ्या पुष्कळ जणांनी हा ताप काढला आहे. जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढा आणि वाऱ्याकडे पाठ करून नव्हे, वारा कुशीवरून जाईल असे बसा. पडवीच्या रस्त्याकडच्या बाजूला एक पत्रा आडवा लावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांच्या डोळ्यांवर आर्क पडणार नाही. वेल्डिंगचे रॉड मात्र आत, कोरड्या डब्यात. ओल धरलेला रॉड ठिणग्या उडवतो आणि जोडात भोकं पाडतो.

अग्निशामक नळकांडं, एबीसी प्रकारचं, छोट्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. आग लागली की माणूस दाराकडे पळतो, आणि नळकांडं वाटेत हाताशी आलं पाहिजे. आतल्या कोपऱ्यात लावलेलं घ्यायला आगीतून जावं लागतं.

आता खत, औषधं आणि गंधक. यांच्यासाठी वेगळी खोली, वेगळं दार, मध्ये पक्की भिंत. पैसे कमी पडत असतील तर वर्कशॉप पाच फूट लहान करा, पण ही खोली वेगळीच हवी. युरिया आणि इतर खतं हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि त्यांच्या क्षारांनी शेजारच्या पान्यांवर, बेअरिंगवर, ड्रिलच्या टेबलावर गंज चढतो. भुरीसाठी आणलेली गंधकाची भुकटी तर पेटणारी वस्तू आहे, आणि पेटली की गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड सोडते. ती आणि ग्राइंडर एका छपराखाली नकोतच. धान्य आणि पेंडही इथे नको. त्यांच्या मागोमाग उंदीर येतात आणि दाणे संपले की ट्रॅक्टरच्या वायरी कुरतडतात.

तुमच्या शेतीत वर्षातला सगळ्यांत नाजूक काळ ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरचा. डाऊनी आली की ब्लोअर रोज बागेत, आणि तो बंद पडला तर एक रात्रही थांबता येत नाही. म्हणून ब्लोअरचे नोझल, डायफ्रॅम, फिल्टरच्या जाळ्या, पीटीओ शाफ्टचे क्रॉस यांचा खण बेंचच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, सगळ्यांत हाताशी ठेवा. बाकीचे सुटे भाग, म्हणजे रोटाव्हेटरची पाती, व्ही-बेल्ट, ऑइल सील, टोकाच्या आठ फुटी पट्टीतल्या मांडणीवर गेले तरी चालतील. ब्लोअर उघडण्याआधी बाहेर धुवा. धुण्याची जागा पडवीच्याही पुढे, उतार विहिरीच्या उलट दिशेला, पाणी शोषखड्ड्यात. औषधाचा अंश असलेलं नोझल थेट बेंचवर आणलं तर त्याच बेंचवर तुम्ही चहाचा कप ठेवणार आहात, एवढं लक्षात असू द्या.

पाने पेटीत ठेवू नका. बेंचच्या वर प्लायवूड ठोका, प्रत्येक पाना खिळ्यावर लटकवा आणि त्याच्या कडेने रंगाने रेघ ओढा. रिकामी आकृती दिसली की कोणता पाना शेतात राहिला ते संध्याकाळीच कळतं.

वीज. शेतीपंपाच्या जोडणीवरून वर्कशॉप चालवू नका. वीज कायदा, 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो. शिवाय थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री, तुमच्या कामाच्या वेळी ती असेलच असं नाही. सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन 3.15 मिलिमीटरच्या रॉडला पुरतं. त्या वेळी ते साधारण तीन-साडेतीन किलोवॉट ओढतं. सोबत दोन एचपीचा कंप्रेसर लागला तर आणखी दीड. जोडणीचा अर्ज करताना हा हिशेब धरा. वेल्डिंगच्या पॉइंटला बोर्डापासून थेट 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि स्वतंत्र एमसीबी द्या, सगळ्या वर्कशॉपला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि स्वतंत्र अर्थिंग. सॉकेट कमरेच्या वर, चार फुटांवर, प्रत्येक सात-आठ फुटांना एक, आणि एक पडवीत. सॉकेट जवळ असलं की वायर कामाच्या जमिनीवर आडवी येत नाही. दिवे ट्रॅक्टरच्या बरोबर वर लावू नका, त्याच्या हूडचीच सावली खाली पडते. दोन्ही बाजूंना, लांबीत लावा. बेंचवरचा दिवा तुमच्या पाठीमागे नको, डोक्याच्या पुढे, बेंचच्या कडेवर हवा.

जमिनीबद्दल थोडंच. शेड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट उंच घ्या. कामाच्या जमिनीवर सहा इंच एम-20 काँक्रीट, आणि ते सपाट. दोन टनांचा ट्रॅक्टर जॅकवर उचलायचा तर आत उतार नकोच. पाणी जायला उतार पडवीत द्या, दर 10 फुटांना सव्वा इंच. काँक्रीट घोटून गुळगुळीत करू नका, तेल सांडलं की पाय घसरतो. झाडूचा खडबडीत हात पुरे. किमान सात दिवस पाणी मारा आणि 28 दिवसांच्या आत ट्रॅक्टर आत घेऊ नका.

इंजिन उचलायची चेन पुली छपराच्या कैचीला कधीही टांगू नका. कैची पत्र्याचं आणि वाऱ्याचं ओझं धरून केलेली असते, तिच्यात लटकणाऱ्या इंजिनाचा हिशेब नसतो. चाकांची स्वतंत्र लोखंडी घोडी करा. ती कामाच्या जमिनीवर हवी तिथे ढकलता येते आणि काम झालं की टोकाच्या पट्टीत जाते.

खड्डा करू नका. खड्डा मोटारीसाठी असतो, कारण मोटार जमिनीला लागून असते. तुमच्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली माणूस आडवा होऊन सहज जातो. खड्ड्यात पावसाळ्यात पाणी येतं, रात्री पाय जातो, आणि पेट्रोलची वाफ किंवा स्वयंपाकाच्या गॅससारखा जड वायू हवेपेक्षा खाली बसत असल्याने तिथेच साचतो. वर खड्ड्याच्या जागी कामाची जमीन कायमची फुटते. खड्ड्याच्या पैशांत दोन चांगले जॅक आणि चार भक्कम स्टँड येतील. जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली स्टँड लावल्याशिवाय जाऊ नका.

परदेशातल्या शेतांवरची बंदिस्त, उबदार वर्कशॉप मोबाइलवर पाहून तशी आखणी करावीशी वाटते. अमेरिकेच्या मध्य भागात शेतकरी बर्फाच्या महिन्यांत दुरुस्ती करतात, म्हणून त्यांना चार भिंती आणि हीटर लागतो. आपल्याला सावली, वारा आणि पावसापासून आडोसा लागतो. दक्षिणेच्या भिंतीचा वरचा तीन फुटांचा भाग जाळीचा ठेवा, गरम हवा निघून जाईल.

पाया खणण्याआधी एक काम जरूर करा. जागेवर फक्कीने 30 बाय 20 ची रेघ मारा, दारं दाखवा, बेंचच्या जागी क्रेट मांडा. मग रोटाव्हेटर जोडून ट्रॅक्टर ‘दारातून’ आत घ्या, बॉनेट उघडा, चाकाचा पाना लावून फिरवून पाहा. दोघांनी 20 फुटांचा बांबू धरून आत न्या आणि बाहेर काढा. जिथे अडतं तिथली रेघ पुसून पुन्हा मारा. त्यानंतरच गवंड्याला बोलवा.

छोटा ट्रॅक्टर आणि नांगर या शेडमध्ये उभे करू नका, त्यांना शेजारी नुसतं छप्पर पुरे. आणि सगळं करून पैसे उरले तर भिंतींवर खर्च करू नका, पडवी 12 ची 15 फूट करा.